कुंभकोणमची चुलत माणसं

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर बचतगटाच्या रजिस्टरवर सही आणि वाण्याची यादी, एवढंच लिहिलं. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ ते कळलं नाही, तिथं मी ती मधल्याच उंचीची काढली आहे. वाचणाऱ्याने आपल्याला हवी ती समजावी.

लिहायचं कारण असं, की परत आल्यावर गटाच्या बैठकीत सगळ्या बायकांनी विचारलं, "शालन, तिकडं काय काय बघितलंस?" एवढे डोळे एकदम माझ्याकडे वळले की माझं तोंड मिटतं. मी म्हटलं, "छान होतं." आमच्या अध्यक्ष वत्सलाकाकू म्हणाल्या, "एवढा देश पालथा घालून एवढंच?" ते मनाला लागलं. म्हणून ही वही. ती ट्रंकेत साड्यांखाली राहील. कुणी फारच आग्रह केला तर वाचायला देईन, पण मी समोर नसताना.

जायचं का ठरलं

माझ्या भावाची मुलगी मृणाल तासगावात कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तासांवर शिकवते. तास रोज असतात, पगार वर्षातून एकदा, तोही आठवण केली तर. तिनं विद्यार्थ्यांसाठी एक पातळसं पुस्तक लिहिलं. जिवंत गोष्टी पिढ्यानपिढ्या कशा बदलत जातात, ते सोप्या मराठीत. त्याला उत्क्रांती म्हणतात. पुस्तकाचं नाव 'सगळेच चुलत'. माणूस माकडापासून झाला असं सगळे म्हणतात, ते तसं नाही म्हणे. माकडाचा आणि आपला फार मागचा पूर्वज एकच होता, त्याच्यापासून दोन्ही घराणी वेगळी झाली. म्हणजे माकड आपला बाप नव्हे, चुलत भाऊ.

छापायला पैसे हवे होते. तासांवरच्या माणसाला बँक कर्ज देत नाही. मी गटातून माझ्या नावावर कर्ज उचललं. मसाल्याच्या पाकिटांतून हप्ते सुटतील असं वाटलं होतं, पण पुस्तकं खपेनात आणि हप्ते तुंबायला लागले. गटात एकीचा हप्ता तुंबला की दुसरीचं कर्ज अडतं. वत्सलाकाकूंना सुनेच्या शिलाई मशीनसाठी पैसे हवे होते आणि ते माझ्यामुळे अडले होते. त्या बोलत नव्हत्या, पण बैठकीत मला चहा शेवटी मिळायचा.

पुस्तकं घेऊन मृणाल शाळाशाळांतून हिंडली. एक मुख्याध्यापक म्हणाले, "माकडाचं नाव आहे ना यात? पालक चिडतील." दुसरे म्हणाले, "माकडापासून माणूस झाला असं सरळ लिहिलेलं नाही, मग मुलं परीक्षेत काय लिहिणार?" तिसऱ्यांनी पुस्तक हातात तोलून बघितलं आणि म्हणाले, "वजनाला कमी वाटतं." गठ्ठे माझ्या खाटेखाली आले.

अशात कुंभकोणमहून फोन आला. तिकडं तंजावरच्या मराठी राजांच्या वेळी गेलेल्या लोकांची घरं आहेत. त्यांच्या मंडळाचे अध्यक्ष गणपतराव यांनी मृणालचं नाव कुठूनसं ऐकलं होतं. ते म्हणाले, "आमच्या लेकरांस शुद्ध मराठीत शास्त्र पाहिजे. अवघी पुस्तके घेऊन येवा. पसंत पडली तर अवघी घेऊ."

मृणाल फोन ठेवून नाचलीच. एकटीनं एवढे गठ्ठे कसे नेणार म्हणून मी सोबत निघाले. तिकिटाचे पैसे मी कानातली फुलं मोडून उभे केले. हे घरात अजून कुणाला माहीत नाही.

गाडीत

गाडीतलं फारसं सांगण्यासारखं नाही. दोन रात्री बसून माझे पाय खांबासारखे झाले. मृणाल मात्र सगळी वाट माझ्यावर शिकवण्याची तालीम करत होती.

"आत्या, डोंगरावरच्या शेळीला दाट केस का असतात?"

"थंडी वाजते म्हणून येतात."

"सगळे हेच म्हणतात. थंडी वाजली म्हणून कुणाला केस येत नाहीत, नाहीतर मामांचं टक्कल हिवाळ्यात भरलं असतं. कळपात काही शेळ्या जन्मतःच दाट केसांच्या, काही विरळ. थंडीत विरळवाल्या जास्त मरतात. दाटवाल्यांना जास्त करडं होतात, ती आईवर जातात. अशा पुष्कळ पिढ्या गेल्या की कळपच दाट केसांचा दिसतो. एकही शेळी स्वतः बदललेली नसते."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला पटलं नव्हतं. मी शेळ्या पाळल्या आहेत, मृणालनं नाहीत.

कुंभकोणम्, पहिला दिवस

गणपतराव स्टेशनवर आले होते. बँकेतून निवृत्त झालेले, उंच, पांढरी वेष्टी म्हणजे आपल्या लुंगीसारखं नेसलेले, कपाळावर गंध. गठ्ठे बघून त्यांचे डोळे भरून आले. "येवा, येवा. बहुत दिवसांनी आमची माणसे आली." मराठी आपलीच, पण चाल निराळी. शब्द जुने आणि सूर तमिळ. आमच्या गावाकडं म्हातारी माणसं उद्याला उदईक म्हणायची, हे तर रिक्षावाल्याशी तमिळ बोलून आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "उदईक सभा ठेवली आहे."

घरी त्यांच्या बायकोनं, कमलाबाईंनी, पितळी पेल्यात कॉफी दिली. खाली पितळी वाटी. बघितलं तर गणपतराव पेला ओठाला न लावता वरून धार सोडून पीत होते. आपण उष्टं करणं बरं दिसणार नाही म्हणून मीही वरून ओतली. निम्मी घशात गेली, निम्मी पोलक्यात. कमलाबाई हसल्या नाहीत, टॉवेल दिला. मग आत जाऊन हसल्या. भिंत पातळ होती.

जेवायला केळीचं पान. भात, सांबार, आणि उडदाच्या पिठाची ताकातली चटणी. मी चाखली आणि म्हटलं, "हे तर डांगर!"

"होय, डांगर पच्चडी," गणपतराव म्हणाले. "हे असल. तीनशे वर्षे आम्ही काडीभर बदल केला नाही. भाषा, जेवण, रीत. तुम्ही तिकडे पुष्कळ बिघडलात."

असल म्हणजे आपलं अस्सल. मला राग आला. आमच्या डांगरात कच्चा कांदा असतो आणि तेच खरं, असं मला वाटत होतं. ह्यांच्यात मोहरीची फोडणी आणि हिंग. म्हणजे बिघडले ते. पण मी पाहुणी, आणखी भात मागून घेतला.

"काडीभर बदल नाही म्हणे," कमलाबाई सांबार वाढताना माझ्या कानाशी म्हणाल्या. "सकाळी इडली नाही मिळाली तर घर डोक्यावर घेतात. राजे काय इडली खाऊन घोड्यावर बसत होते?"

दुसरा दिवस, सभा

सकाळी इडलीबरोबर कडप्पा होता. तो दगड नव्हे, बटाटा आणि मुगाच्या डाळीची पातळ भाजी. ही फक्त इथंच मिळते म्हणे. मी दोनदा मागितली. लाज वाटली, तरी मागितली.

सभेला मंडळाच्या हॉलमध्ये पुष्कळ माणसं आणि मुलं जमली. गठ्ठ्यांना हार घातला. कुंकू लावलं. गणपतरावांनी पहिलं पुस्तक उघडलं, मान डोलावली, पुढचं पान उलटलं, पुन्हा मान डोलावली. "वा. शुद्ध." मग पुस्तकं मुलांत वाटली. मुलं चित्रं बघायला लागली. वाचत कुणीच नव्हतं.

गणपतरावांची नात वैदेही आठवीत आहे. ती उभी राहून म्हणाली, "ताता, हे हिंदी आहे. आम्हास हिंदी येत नाही."

"अगं, मराठी हे!" मृणाल म्हणाली. "वाच ना, तुझीच भाषा."

वैदेहीनं आजोबांकडं बघितलं. "ताता, तुम्ही वाचा."

गणपतरावांनी पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं. "अक्षर जरा कोवळे छापले आहे," ते म्हणाले.

तेव्हा कळलं. ही माणसं घरात मराठी बोलतात, पण शाळेत तमिळ शिकतात. वाचायला तमिळ आणि इंग्रजी. त्यांची देवपूजेची मराठी पदंसुद्धा तमिळ अक्षरांत लिहिलेली. बाळबोध अक्षर त्या हॉलमध्ये कुणालाच येत नव्हतं, अध्यक्षांना धरून. आम्ही विचारलं नाही, कारण मराठी म्हटल्यावर वाचता येणारच. त्यांनी सांगितलं नाही, कारण असल माणसांना असं कसं सांगणार?

मंडळात गणपतरावांचे विरोधक रंगोजीराव. रस्त्याच्या बसस्टॉपकडच्या टोकाला राहतात. ते मागच्या खुर्चीतून म्हणाले, "अध्यक्षांनी वाचता न येणारी पुस्तके मागवली. पुढच्या निवडणुकीत हे लक्षात ठेवू." सभा संपली. पैशाचं कुणी बोललं नाही.

मृणाल परसात विहिरीच्या कठड्यावर बसली. "माझ्यामुळं तुझी फुलं गेली," ती म्हणाली. तिला कानांवरून कळलंच होतं. मी तिला धीर द्यायला हवा होता. पण माझ्या तोंडून निघालं, "परत नेताना हमालाला किती द्यावे लागतील?" ती रडायला लागली. मला वत्सलाकाकूंचा शेवटचा चहा दिसत होता.

तिसरा दिवस, रस्त्यावर

पहाटे कमलाबाई दारात पाणी शिंपडून कोलम काढत होत्या. आपली रांगोळी दगडाच्या पुडीची, त्यांची तांदळाच्या पिठाची. आधी ठिपके, मग ठिपक्यांभोवती फिरत जाणारी एक रेघ, कुठेही न तुटता. रस्त्याला प्रत्येक दारात रोज असंच, पण बाकीची दारं अजून कोरडीच होती. मृणाल तोंड धुता धुता थांबली. टूथब्रश तसाच तोंडात. मग आत धावली आणि वैदेहीला उठवून म्हणाली, "रस्त्यातल्या सगळ्या मुलींना बोलाव."

तिनं मुलींना नियम सांगितले. कमलाबाईंचा कोलम मधल्या दारात. तिथून दोन ओळी करायच्या, एक तळ्याकडं, एक बसस्टॉपकडं. प्रत्येकीनं फक्त आपल्या अलीकडच्या दारातला बघून आपल्या दारात काढायचा. तो पुसला गेला असेल तर त्याच्या अलीकडचा बघायचा. दुसऱ्या ओळीकडं ढुंकूनही बघायचं नाही.

तळ्याकडची बाजू शांत. तिथं एका मुलीला शिंक आली आणि तिची एक वळी तुटली. पुढचीनं तुटलेली वळी इमानेइतबारे काढली. त्याच्या पुढचीला ती सुंदर वाटली, तिनं आणखी मोकळी केली. टोकाला पोचेपर्यंत कोलम पंख पसरल्यासारखा झाला.

बसस्टॉपच्या बाजूला माणसांची वर्दळ सुरू झाली. ज्या मुलीनं मोठा काढला तो पायांनी पुसला गेला. जिनं लहान, उंबऱ्याला चिकटून काढला तो राहिला, आणि पुढचीनं त्याचीच नक्कल केली. पुन्हा तसंच. टोकाला रंगोजीरावांच्या दारात पोचेपर्यंत तो तळहाताएवढा, गच्च विणलेला झाला होता.

माझ्या डोक्यात तेव्हा शेळ्या आल्या. लहान हो असं कोलमला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला तशी इच्छाही नव्हती. मोठे पुसले गेले आणि लहानांच्या नकला झाल्या. मी मृणालला म्हटलं, "थंडी वाजते म्हणून नव्हे." ती माझ्याकडं बघून पहिल्यांदा हसली.

एवढ्यात गणपतराव काठी घेऊन आले. काय चाललंय ते न विचारताच तळ्याकडच्या टोकाला जाऊन म्हणाले, "हा असल! कसा मोकळा आहे. आमच्या पूर्वजांचे मन ऐसेच होते."

रंगोजीराव आपल्या दारातून ओरडले, "अय्यो! असल इथे आहे. गच्च! राजांच्या काळी पीठ उधळत नसत."

"तुमच्या दारात बस थांबते म्हणून तो आकसला!"

"आणि त्या तळ्याकडे कोणी फिरकत नाही म्हणून तो फुगला!"

दोघांचं खरं होतं, पण दोघांनाही ते माहीत नव्हतं. मृणाल म्हणाली, "चला, मूळचा कोलमच बघू. निकाल लागेल." सगळा रस्ता मधल्या दारापाशी आला. तिथं दूधवाल्याची स्कूटर मधून गेली होती. उरलेलं पीठ मुंग्या ओढून नेत होत्या आणि एक खार दोन पायांवर बसून खात होती.

"हा असल," कमलाबाई म्हणाल्या. "खारीच्या पोटात."

मुली हसत सुटल्या. मृणालनं त्यांना तिथंच बसवून सांगितलं, की टोकाचे दोन्ही कोलम याच एकापासून आले, म्हणून ते चुलत. तळ्याकडचा बसस्टॉपकडच्यापासून आला नाही, आणि बसस्टॉपकडचाही तळ्याकडच्यापासून नाही. कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही. जो तो आपल्या जागी टिकला. मूळचा आता कुठंच नाही.

गणपतरावांनी काठीनं जमीन टोकरली. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही असल नाही?"

"नाही," मृणाल म्हणाली. "पण आम्हीही नाही."

हे मात्र मला लागलं. कच्च्या कांद्याचं डांगर असल नाही हे ऐकायला मी एवढ्या लांब आले नव्हते.

चौथा दिवस, वाचन

आता मुलींना पुस्तक हवं होतं. ठरलं की मृणाल वाचेल आणि त्या तमिळ अक्षरांत उतरवून घेतील. मृणाल कॉलेजच्या सवयीनं भराभर वाचायची. मुलींच्या पेन्सिली मागं राहायच्या. दुपारपर्यंत तिचा घसा बसला आणि तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं.

मी नको नको म्हटलं. एवढ्या डोळ्यांसमोर! पण सगळ्यांची डोकी वह्यांत होती, माझ्याकडं कुणी बघतच नव्हतं. मग बसले. मी बोट ठेवून वाचते, एकेक शब्द, अडखळत. गावात माझं वाचन ऐकून पोरं हसतात. इथं ते अगदी पेन्सिलीच्या वेगाचं निघालं. "बरी वाचता, अक्का," वैदेही म्हणाली, "थांबून थांबून." त्यात माझी काही करामत नाही. मी तीच, फक्त जागा बदलली. संध्याकाळपर्यंत मीच वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगोजीराव दारात. मृणालला म्हणाले, "त्या पुस्तकाची एक प्रत द्या. देवघरात ठेवतो. काय ते बाळबोध, आपल्या पूर्वजांचे अक्षर." रोख पैसे काढून दिले. हे गणपतरावांनी न्हाणीतून ऐकलं. ते तसेच, ओल्या अंगानं बाहेर आले. "मंडळाच्या प्रत्येक घरी एक! आणि आमच्या घरी दोन! अवघे गठ्ठे मंडळ घेते."

"वाचणार कोण?" कमलाबाईंनी विचारलं.

"वाचायास तमिळ वह्या आहेत. हे ठेवायास."

मृणाल माझ्या कानात म्हणाली, "मोराचा पिसारा. माझ्या पुस्तकात आहे. उडायला अडचणच, पण लांडोरीसाठी दुसऱ्या मोराहून मोठा फुलवावा लागतो." मी तिला चिमटा काढला. गिऱ्हाईकासमोर असं बोलू नये.

तर 'कुणीच असल नाही' असं सांगणारं पुस्तक त्या संध्याकाळी घरोघरी असलपणाची खूण म्हणून देवघरात गेलं. हळदकुंकू वाहून. मृणाल आधी डोकं धरून बसली, मग इतकी हसली की घसा पुन्हा बसला. निम्मे पैसे लगेच मिळाले. उरलेले मंडळाच्या सभेत मंजूर झाल्यावर देतो म्हणाले.

निघायच्या आधी कमलाबाईंनी बसनं तिरुभुवनमला नेलं, रेशमी साड्या विणतात तिथं. मी फक्त हात लावून बघितल्या. त्यांनी डांगरासाठी भाजलेलं उडदाचं पीठ बांधून दिलं आणि म्हणाल्या, "कच्चा कांदा घालून बघते हं मी. ह्यांना न सांगता."

परत आल्यावर

मंडळाची सभा लवकर होईना. एकदा गणपतराव रुसले, एकदा रंगोजीराव. मी मसाला कुटत होते आणि हप्ता थोडाथोडा देत होते. चहा अजून शेवटीच मिळायचा. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग एके दिवशी मृणालच्या खात्यात उरलेले पैसे आले, आणि मागून टपालानं एक पुडकं. मुलींच्या वह्यांवरून मंडळानं पुस्तक तमिळ अक्षरांत छापलं होतं. मुखपृष्ठावर कोलम होता. तो तळ्याकडचा नव्हता आणि बसस्टॉपकडचाही नव्हता, तिसराच काहीतरी झाला होता.

मृणालनं स्वतःचं पुस्तक उलटसुलट करून बघितलं. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येईना. मलाही नाही. मी ते नेऊन देवघरात ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, आणि मग माझं मलाच हसू आलं.

गटाच्या बैठकीला ते पुस्तक बरोबर नेलं. वत्सलाकाकूंनी उघडून बघितलं, मान डोलावली, पान उलटलं, पुन्हा मान डोलावली. "छान लिहिलंय गं," म्हणाल्या. मग पुस्तकाला हात लावून तो कपाळाला लावला. मी पदरात बांधलेले पैसे काढून पुढं ठेवले. त्यांनी मोजले, शेजारणीकडून पुन्हा मोजून घेतले, रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढं 'पूर्ण फेड' लिहिलं आणि चहाचा पहिला कप माझ्याकडं सरकवला.